टाकी नंबर चार

अडीच वाजता फेस खाली बसला.
आदगोंडानं पाइपला कान लावला, म्हणाला,
"मॅडम, चार नंबर गप झाली बघा."
गप झाली म्हणजे खायचं संपलं.
सोळा तास. यीस्ट असतं तर उद्या दुपार झाली असती.

शिंदीच्या झाडाला टांगलेल्या मडक्यातून
मी हा जंतू आणला, सहा महिन्यांपूर्वी,
औषधाच्या बाटलीत, स्कूटीच्या डिकीतून.
काचेखाली जाडसर काडी, टोकं गोल,
बहुधा जोडीनं.
यीस्ट साखरेच्या एका कणामागं दोन पैसे मजुरी घेतं,
हा एकच घेतो.
अंग वाढवत नाही, उरलेलं सगळं टाकीत टाकतो.
असा गडी आपल्या हजेरीपटावर नाही,
असं मी मीटिंगमध्ये म्हणाले.
कुणी हसलं नाही.

मळीत मात्र तो टिकेना.
मळीतल्या क्षारांनी तिसऱ्या तासाला मान टाकली.
मग उसाचा ताजा रस दिला
तर रसाला तार सुटली, दांडीवरून लोंबणारी,
साखर सगळी चिकटपणात गेली.
"भेंडी पडली काय वो ह्यात?" आदगोंडानं विचारलं,
आणि मला नांदणीचं गुऱ्हाळ आठवलं.

अण्णा गुळव्या होते.
रानभेंडी ठेचून तिचं पाणी काहिलीत सोडायचे,
मळी वर यायची, झाऱ्यानं काढायचे.
(त्यांची मळी वेगळी, आमची वेगळी. शब्द तोच.)
रस रात्रभर ठेवू द्यायचे नाहीत,
"आंबला की मेला," म्हणायचे,
चरक थांबला तरी चुलवाण थांबायचं नाही.
ज्याला ते आयुष्यभर हाकलत आले
त्याच्यासाठी मी आता टाकीला थंड पाण्याचं वेटोळं घातलंय,
तीसच्या वर पारा गेला की माझी झोप उडते.

तार कशी तुटली ते सांगते.
पुस्तकात विकर म्हणतात, आम्ही एन्झाइमच म्हणतो.
साखर म्हणजे दोघांनी एकमेकांचा धरलेला हात.
हे येतं, हात तेवढा सोडवतं,
आणि काही न घेता पुढच्या जोडीकडं जातं.
आधी त्याला रसात सोडलं, सुटे झाले सगळे,
मगच जंतूला पंगतीला बसवलं.
तार आली नाही.
एवढंच. ह्या एवढ्यासाठी अकरा टाक्या गटारात गेल्या
आणि स्टोअरकीपर मुल्लाणीनं बोलणं सोडलं.

गेल्या रविवारी अण्णांना सगळं सांगितलं,
ऊन होतं तोवर, त्यांचं जेवण उरकायच्या आत.
त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला.
"किती असत्यात गं?"
म्हटलं, थेंबात कोटी.
"मग शेवटाला काय करता त्यांचं?"
म्हटलं, कॉलमला सोडतो. वाफ असते तिथं.
ते काही बोलले नाहीत.
भाकरी संपली, हात धुतले,
मग उंबऱ्यावर बसून, माझ्याकडं न बघता,
"काहिलीत गांधीलमाश्या पडायच्या.
झाऱ्यानं काढून कडंला ठिवायचो मी.
सगळ्या न्हाई उडायच्या."

"कॉलमला सोडू?" आदगोंडाचा हात व्हॉल्व्हवर.
बाहेर चिपाडाच्या ढिगावर दिवा, त्याखाली धूर,
त्या चिपाडातही साखर आहे, घट्ट विणलेली,
तिला उसवणारं एन्झाइम वेगळं, महाग,
त्याचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून आहे.

थांब म्हटलं.
नमुन्याचा नळ फिरवला, फ्लास्क भरला,
एक लिटर. झाऱ्यात मावेल त्याहून थोडं जास्त.
ऊब अजून होती काचेला.
वहीत लिहिलं: पाच नंबरसाठी बियाणं काढलं, वेळ २.५०.
खोटं नाही ते.

सोड, म्हटलं.
वाफेचा आवाज आला. आदगोंडानं जांभई दिली.
फ्लास्कवर लेबल चिकटवताना
आत एक बुडबुडा वर येताना दिसला,
मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरा.